वजन उतरल्यानंतर

दिल्लीहून मथुरेच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की फरीदाबादचे कारखाने मागे पडतात आणि बल्लभगढ लागते. 1857 च्या उठावात भाग घेतल्याबद्दल इंग्रजांनी फासावर चढविलेल्या राजा नाहरसिंगाची ही नगरी होय. 2018 पासून दिल्लीची मेट्रो रेल्वे थेट येथपर्यंत येते. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना मात्र बल्लभगढ हे नाव निराळ्या कारणाने परिचित आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने 1965 साली येथे ग्रामीण आरोग्यसेवेचा एक प्रकल्प हाती घेतला. दयालपूर आणि छांयसा या दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कक्षेतील 28 खेडी या प्रकल्पात येतात. तेथे आरोग्यसेवक घरोघर फिरतात आणि जन्म, मृत्यू, लसीकरण व आजार यांच्या नोंदी ठेवतात.

प्रकल्पाच्या आरंभीच्या काळात खेड्यातील माणसाचे वजन हा चिंतेचा विषय होता, तो ते कमी असे म्हणून. अतिसाराने खंगलेली मुले आणि रक्तक्षय झालेल्या बाळंतिणी यांच्यापुढे अन्य काही सुचण्याजोगी परिस्थितीच नव्हती. पुढे चित्र पालटले. राजधानी क्षेत्रात प्रौढांच्या आरोग्याची पाहणी 1991 ते 1994 या काळात एकदा आणि 2010 ते 2012 या काळात पुन्हा एकदा करण्यात आली. उच्च रक्तदाबाचे प्रमाण या अवधीत शहरी भागात शेकडा 23 वरून 42.2 वर गेले, तर ग्रामीण भागात शेकडा 11.2 वरून 28.9 वर गेले. हे आकडे जरा तिरपे वाचून पाहावेत. वीस वर्षांपूर्वी शहर ज्या ठिकाणी उभे होते, ते ठिकाण ओलांडून खेडे पुढे निघून गेलेले आहे.

रक्तदाब वाढण्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी वाढते वजन हे एक प्रमुख कारण होय. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हरियाणातील शेकडा 33.1 स्त्रिया आणि 28.3 पुरुष अतिवजनी अथवा स्थूल आढळले. येथे किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक 25 किंवा त्याहून अधिक असणे, ही कसोटी लावलेली आहे. ही गोष्ट केवळ हरियाणाची नाही. 1985 ते 2017 या काळात जगातील प्रौढांचा हा अंक सरासरीने जेवढा वाढला, त्यातील निम्म्याहून अधिक वाढ ग्रामीण भागातून आली, असे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने दाखवून दिले. स्थूलता हा शहरी सुखवस्तूंचा रोग, ही समजूत त्यानंतर टिकण्यासारखी राहिली नाही.

खेड्यात हे कसे घडले, हे समजण्यास फार खोल जावे लागत नाही. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, खळ्यातील मळणी यंत्राकडे गेली, डोक्यावरचा हंडा नळाने उतरविला. राजधानीच्या आसपास तर जमिनीच विकल्या गेल्या आणि कालचा शेतकरी आज एखाद्या वसाहतीच्या फाटकाशी खुर्चीवर बसून पहारा करू लागला. कष्ट गेले, परंतु कष्टकऱ्याचे ताट राहिले. दूध, दही आणि तूप यांच्या समृद्धीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रदेशात ते ताट लहान करणे म्हणजे घराण्याच्या लौकिकास उणेपणा आणणे, असेही वाटते. त्यात साखरेचा चहा दिवसातून चार-पाच वेळा, आणि आता पाच-दहा रुपयांची तळलेल्या पदार्थांची पाकिटे.

भारतीय शरीराची आणखी एक अडचण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व अर्भके यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. आपल्याकडील बालके जन्मतः वजनाने कमी असली, तरी त्यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण त्या मानाने अधिक असते, असे त्यांना आढळले. 2004 साली त्यांनी आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेत स्वतःचे छायाचित्रच प्रसिद्ध केले. दोघांचा उंची-वजनाचा अंक अगदी एक, 22.3, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद शेकडा 9.1, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची सीमा 25 वर आणि अतिवजनाची सीमा 23 वर ठेवावी, कंबरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा, असे तज्ज्ञांचे मत आहे.

उतरविणे आणि टिकविणे

वजन कमी करणे अशक्य नाही. डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा दाखविला, की माणूस घाबरतो. दोन-चार महिने नेटाने पथ्य पाळतो, पहाटे फिरावयास जातो आणि पाच-सात किलो वजन खरोखरच उतरते. कठीण भाग त्यानंतर सुरू होतो. वर्ष-दोन वर्षांत उतरलेले वजन हळूहळू परत येते, कधी थोड्या व्याजासह. मग घरचे लोक म्हणतात, निग्रह कमी पडला. तो माणूसही मनाशी तेच म्हणतो आणि पुन्हा डॉक्टरांकडे जाण्यास लाजतो.

हा निवाडा बराचसा अन्याय्य आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे 50 स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार देण्यात आला. त्याचा निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाला. या व्यक्तींचे वजन सरासरी साडेतेरा किलोने उतरले. त्याबरोबर तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन हे संप्रेरक घटले आणि भूक चेतविणारे घ्रेलिन वाढले. इथवर नवल नव्हते. परंतु एक वर्षानंतर पुन्हा तपासले तेव्हाही ही संप्रेरके पूर्वस्थितीवर आलेली नव्हती, आणि भूकही वाढलेलीच होती. शरीर आपले जुने वजन विसरत नाही. ज्या शरीरयंत्रणेने दुष्काळात आपल्या पूर्वजांना तगविले, तीच आता ताटावर बसलेल्या माणसाला आणखी एक पोळी घ्यावयास लावते. शिवाय हलके झालेले शरीर तेच काम कमी उष्मांकांत करते. म्हणजे पूर्वीइतके जेवून चालत नाही आणि भूक मात्र पूर्वीपेक्षा अधिक लागते.

याचा अर्थ उतरलेले वजन टिकतच नाही, असा नव्हे. अमेरिकेत 1994 साली रीना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी एक नोंदवही उघडली. किमान 13.6 किलो वजन उतरवून ते किमान वर्षभर टिकविलेल्या व्यक्तींनाच तीत प्रवेश होता. हजारो लोकांनी तीत नावे नोंदविली. त्यांच्या सवयी पाहिल्या तर त्यांत चमत्कारिक असे काहीच नाही: सकाळची न्याहारी चुकवावयाची नाही, वरचेवर वजन करावयाचे, रोज तासभर चालावयाचे. या सवयी औषधाच्या मात्रेप्रमाणे दहा दिवसांत संपत नाहीत. रक्तदाबाची गोळी थांबविली की रक्तदाब वाढतो, याचे कोणासही आश्चर्य वाटत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र उपचार थांबल्यावर परिणामही थांबतो हे मान्य करावयास आपण तयार नसतो. उपचार चालू ठेवावयाचा, तर मार्गदर्शकाने किती वर्षे आणि किती दूर जावयाचे, हा खरा प्रश्न आहे. शहरातील माणूस आठवड्यातून एकदा आहारतज्ज्ञाकडे जाऊ शकेल. खेड्यातील माणसाला त्यासाठी मजुरीचा दिवस मोडावा लागतो.

तारेच्या टोकाला माणूस

नेमका हाच प्रश्न समोर ठेवून फ्लोरिडा विद्यापीठाचे मायकेल पेरी आणि त्यांचे सहकारी यांनी उत्तर फ्लोरिडाच्या ग्रामीण भागात एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत 2008 साली प्रसिद्ध झाला. अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. परंतु हा भाग वैद्यकीय सेवा तुटपुंजी असलेला, विखुरलेल्या वस्त्यांचा होता. 50 ते 75 वर्षे वयाच्या स्थूल स्त्रियांना सहा महिने गटागटाने मार्गदर्शन करण्यात आले. त्यासाठी रुग्णालय न निवडता शेतकऱ्यांना सल्ला देणारी विस्तार-कार्यालये निवडली, हे विशेष. वजन सरासरी दहा किलोने उतरले. त्यानंतर 234 स्त्रियांचे तीन गट पाडण्यात आले. पहिल्या गटाला पुढील वर्षभर दर पंधरवड्यास प्रत्यक्ष भेटीत मार्गदर्शन मिळाले, दुसऱ्याला तेच मार्गदर्शन दूरध्वनीवरून मिळाले, आणि तिसऱ्याला त्याच विषयांची माहितीपत्रके टपालाने पाठविण्यात आली.

वर्षाअखेरीस प्रत्यक्ष भेटणाऱ्या स्त्रियांचे वजन सरासरी 1.2 किलोने परत वाढले होते. दूरध्वनीवर बोलणाऱ्यांचेही तेवढेच, 1.2 किलोने. केवळ पत्रके वाचणाऱ्यांचे 3.7 किलोने. दूरध्वनीचा खर्च भेटींहून कमी आला, हे सांगावयास नकोच.

या तीन आकड्यांपाशी थोडे थांबणे योग्य ठरेल. माहिती तिन्ही गटांना सारखीच होती. अंतर म्हणावे, तर दूरध्वनी आणि टपाल या दोहोंतही होतेच. फरक पडला तो दुसऱ्या बाजूने कोणी विचारणारे होते की नव्हते, याने. आणि हे विचारणे म्हणजे चौकशीही नव्हे. पेरी यांच्या पद्धतीत मार्गदर्शक उपदेश फारसा करीत नाही. गेल्या पंधरवड्यात कोणती अडचण आली हे तो काढून घेतो, ती नेमक्या शब्दांत मांडण्यास मदत करतो, तीवरचे चार-सहा उपाय त्या स्त्रीकडूनच वदवितो, त्यांतील एक निवडावयास लावतो, आणि पुढच्या वेळी त्याचे काय झाले हे आठवणीने विचारतो.

याच सुमारास, 2006 साली, रीना विंग यांनीही एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यातील एक युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नुकतेच वजन उतरविलेल्या 314 व्यक्तींपैकी काहींना वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे हिरवा, पिवळा आणि लाल असे वजनाचे तीन पट्टे आखून दिले. हिरव्यात असाल तर चालले आहे ते चालू द्या. पिवळ्यात शिरलात तर आपल्या सवयी तपासा. लाल पट्ट्यात गेलात तर पुन्हा वजन उतरविण्याचे पथ्य सुरू करा आणि मार्गदर्शकाशी बोला. अठरा महिन्यांत 2.3 किलो किंवा त्याहून अधिक वजन परत मिळविणारे लोक केवळ पत्रके मिळालेल्या गटात शेकडा 72.4 होते, संगणकावरून मार्गदर्शन मिळालेल्या गटात 54.8 आणि प्रत्यक्ष भेटणाऱ्या गटात 45.7. दुरून केलेले मार्गदर्शन सर्वत्र भेटीची बरोबरी करतेच असे नाही, हेही या आकड्यांवरून कबूल केले पाहिजे.

आपल्याकडील जुना अनुभव

दुरून खेड्यातील प्रौढांना शिकविण्याचा विचार आपल्या देशाला नवा नाही, आणि त्याचा सर्वांत काळजीपूर्वक तपासलेला प्रयोग मराठी मुलखातच झाला. तो वजनाविषयी नव्हता; परंतु प्रश्न तोच होता. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, नाशिक, अहमदनगर, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. गावातील पंधरा-वीस जण एकत्र बसून तो ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत, आणि चर्चेचा अहवाल व शंका केंद्राकडे पाठवीत. पुढच्या कार्यक्रमांत त्या शंकांना उत्तरे मिळत.

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. श्रोतृमंडळे असलेल्या 20 गावांची तुलना मंडळे नसलेल्या 20 गावांशी करण्यात आली. या दुसऱ्या वीसांपैकी निम्म्या गावांत रेडिओ होता. ज्ञानातील मोठी भर मंडळांच्या गावांत पडली. ज्या गावांत नुसताच रेडिओ होता तेथे ती अल्पच होती. फ्लोरिडातील पत्रके आणि नाशिककडील नुसता रेडिओ यांची गत एकच झाली, ती अर्ध्या शतकाच्या अंतराने.

दिल्लीने हा धडा काही काळ गिरविला. 26 जानेवारी 1967 रोजी दिल्ली दूरदर्शनवर ‘कृषिदर्शन’ सुरू झाले, ते राजधानीच्या परिसरातील 80 निवडक खेड्यांसाठी, आणि तेथे सामुदायिक संच बसवून लोकांची मंडळे जमविण्यात आली होती. पुढे संच घरोघर आले आणि ही मंडळे मागे पडली. पाहणारे वाढले, उलट बोलणारे कमी झाले.

मोबाईल दूरध्वनी आल्यावर हा तोल पुन्हा सावरता येईल असे वाटू लागले. दक्षिण भारतातील नोकरदार पुरुषांवर डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 537 पुरुषांपैकी निम्म्यांना आहार-व्यायामाविषयी संदेश पाठविले गेले. दोन वर्षांत त्यांच्यातील शेकडा 18 जणांना मधुमेह झाला, तर संदेश न मिळालेल्यांत 27 जणांना. हे यश लहान नाही. परंतु ही माणसे निवडलेली, नोकरीत स्थिर आणि संदेश वाचू शकणारी होती. याउलट हरियाणा व कर्नाटकातील 40 सामुदायिक आरोग्य केंद्रांतील एका मोठ्या प्रयोगात परिचारिकांच्या हाती उपचाराचा सल्ला देणारे संगणकयंत्र दिले होते आणि रुग्णांना स्मरणसंदेश जात होते. त्याचा निष्कर्ष 2019 साली आला. रक्तदाब आणि साखर दोन्ही गटांत उतरली. परंतु यंत्र असलेल्या केंद्रांची सरशी झाली नाही.

महाराष्ट्रात, विशेषतः 2017-18 नंतर, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवणाच्या पद्धतीचा मोठा बोलबाला झाला. तिचे मूळ डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांत आहे. या आहारपद्धतीवर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की, ती व्याख्यानांइतकीच व्हॉट्सअ‍ॅपवरील गटांतून पसरली. तालुक्याच्या गावातील गृहिणी तेथे आपले आकडे कळवीत आणि इतर मंडळी त्यावर बोलत. पुण्याच्या श्रोतृमंडळाचेच हे नवे रूप म्हटले पाहिजे. फक्त येथे गट शेकड्यांचा असल्याने ज्याचे वजन परत वाढू लागले तो गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

बल्लभगढच्या एखाद्या घरात

आता आपण अशी कल्पना करू, की बल्लभगढकडील एखाद्या खेड्यातील पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीने सहा किलो वजन उतरविले आहे आणि ते टिकविण्यास दूरध्वनीवरून मदत करावयाची आहे. पहिली अडचण दूरध्वनीचीच आहे. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असणाऱ्या ग्रामीण स्त्रिया देशभरात शेकडा 46.6 एवढ्याच होत्या. घरातील दूरध्वनी मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा फरीदाबादच्या कारखान्यात असतो. तेव्हा वेळ ठरवावी लागेल ती मार्गदर्शकाच्या कार्यालयाची नव्हे, तर मुलगा घरी आल्यानंतरची आणि म्हशीचे दूध काढून झाल्यानंतरची. शिवाय सासूसमोर बोलणे आणि एकटीने बोलणे यांत फरक असतो. पहिल्या दोन-तीन वेळा सासूलाही बोलण्यात ओढून घेतले, तर पुढचे सुकर होते. ताटात काय पडते, हे पुष्कळदा तिच्याच हाती असते.

दुसरी अडचण वजनाची. घरी काटा नसतो. परंतु कंबरेभोवती बसणारी एक सुती दोरी सर्वांना परवडते. उतरलेल्या वजनाच्या दिवशी दोरीवर हिरव्या धाग्याची गाठ, तिच्यापुढे दोन बोटांवर पिवळी, आणखी दोन बोटांवर लाल. विंग यांचे तीन पट्टे अशा रीतीने अक्षरओळख नसलेल्या स्त्रीलाही वाचता येतील. 2005 नंतर गावोगाव नेमलेल्या आशा कार्यकर्तीजवळ तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी भरावयाचा जो तक्ता असतो, त्यात कंबरेच्या घेराचा रकाना आहेच; म्हणजे मोजपट्टी गावात पोहोचलेली आहे. आज ती बहुधा एकदा लावली जाते आणि आकडा कागदावर राहतो. महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी ती पुन्हा लावली आणि तो आकडा दूरध्वनीवर बोलणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचला, तर दोन्ही टोके जुळतात.

तिसरी अडचण चालण्याची. रोज तासभर चाला, असे पत्रकात छापणे सोपे आहे. हरियाणातील मध्यमवयीन सून निष्कारण गावाबाहेर चालत निघाली, तर तिला दहा जण कारण विचारतील. येथेच विचारणाऱ्या मार्गदर्शकाची कसोटी लागते. उपाय दिल्लीत सापडत नाही. तो तिलाच सुचतो. चारा आणावयास ती दिरासोबत मोटारसायकलवर जाते, तेव्हा एक खेप पायी करता येईल. शेजारच्या दोघींना घेऊन संध्याकाळी मंदिरापर्यंत जाता येईल. देवाला जाणाऱ्या बाईला कोणी कारण विचारीत नाही. सावन महिन्यात माहेरहून घेवर येतो, तीजचा सण असतो, मग लग्नसराई लागते. या दिवसांत वजन वाढणार, हे आधीच धरून चालावे आणि त्या काळात दूरध्वनी पंधरवड्याऐवजी आठवड्याने करावा. एरवी नेमके उलट होते: वजन वाढले की स्त्री दूरध्वनी घेत नाही, आणि तीन वेळा न घेतल्यावर यादीतून तिचे नाव कमी केले जाते. ज्या दिवशी ती दूरध्वनी घेत नाही, त्या दिवशी आशा कार्यकर्तीने तिच्या दारावरून जाताना दोन मिनिटे थांबावयाचे, एवढी व्यवस्था ठेवावी लागेल. दारात उभे राहून दोरीचा विषय काढू नये. म्हैस किती दूध देते हे विचारावे, आणि पुढचा दूरध्वनी कोणत्या वारी करू, एवढे विचारून निघावे.